अकरा डबे

१७ फेब्रुवारी

सकाळी शाळेची मुलं हार घेऊन स्मारकाकडे गेली. आज वासुदेव बळवंत फडक्यांची पुण्यतिथी. मुंबई-गोवा रस्त्यानं जाणाऱ्याला शिरढोण म्हणजे पळस्पे फाटा गेला की कर्नाळ्याच्या आधी लागणारी एक पाटी. आम्हाला ते वासुदेव बळवंतांचं गाव. रांगेत शेवटी चालणाऱ्या एका मुलीच्या हातात हार नव्हता, पळसाची एक डहाळी होती. अर्ध्या कळ्या, अर्धी फुलं. कुठून आणलीस म्हणून विचारायच्या आत रांग पुढे गेली.

नवी वही आजच उघडली. फिजिओथेरपीच्या मुलीनं बजावलंय, "बाई, रोज किती चाललात ते लिहून ठेवा." दिवाळीनंतर मणक्याचं ऑपरेशन झालं, मग दादरला बहिणीकडे पाठीवर पडून होते. तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसायची. रथसप्तमीला घरी आले.

आजची नोंद: ओटी ते विहीर, साठ पावलं. विहिरीजवळचा शेवगा फुललाय. खाली पांढरी फुलं सांडलेली, वर माश्यांची गुणगुण.

रात्री

वहीत पावलांखेरीज आणखी काही लिहायचं ठरवलं.

मी घरी आले तेव्हा स्वयंपाकघरात, मांडणीच्या खालच्या फळीवर, अकरा डबे ओळीनं ठेवलेले होते. स्टीलचे, लहानमोठे, आमचे नव्हेत. मी नव्हते ते अडीच-तीन महिने हे आणि आत्याबाई दोघंच घरात. ह्यांना भात आणि पिठलं येतं, आत्याबाईंची नजर गेलेली. मग गावातून आज इथून, उद्या तिथून जेवण येत राहिलं. त्याचे हे डबे. काही जण आपले घेऊन गेले, अकरा राहिले. घासूनपुसून, झाकणं लावून ठेवलेले.

"परत का नाही दिले?" मी विचारलं.

"रिकामे कसे देणार?" आत्याबाई म्हणाल्या.

माझं माहेर फलटणकडचं. तिकडेही हाच रिवाज. शेजारून वाटीभर भाजी आली तर वाटी तशीच धुऊन परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर, चार शेंगदाणे घालायचे. लहानपणी मीच ती वाटी पोचवायला जायची आणि वाटेत साखर खायची. आई ओरडायची ते साखर खाल्ली म्हणून नव्हे, वाटी रिकामी पोचली म्हणून.

डब्यांवरची नावं वाचली. भांड्यांवर नाव घालायची आपल्याकडची पद्धत किती चांगली आहे! एकावर लग्नाची तारीख आहे, १९८४ सालची. एकावर सत्यनारायणाची पूजा. एकावर नुसती तीन अक्षरं, घरमालकाच्या नावाची. एकावर "आईस सप्रेम". ती आई जाऊन चार वर्षं झाली, तिचा डबा अजून लोकांना जेवू घालतोय. दहा डब्यांची घरं लागली. अकराव्यावर काहीच नाही. कडेला एक पोचा आहे, तेवढीच खूण. ह्यांना आठवत नाही, आत्याबाईंना दिसत नव्हतं.

२० फेब्रुवारी

साठ पावलं, दोनदा.

काल पुतण्यानं मोसमातली शेवटची पोपटी लावली. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद. मडकं जमिनीवर उपडं घालून भोवती पेंढा आणि काटक्यांचा जाळ. झाली का हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र होऊन लगेच उडालं की झाली. मी खुर्चीवर शाल घेऊन बसले होते. भांबुर्डा एरवी बांधावरचं तण, कुणी वळून पाहत नाही. मडक्यात शिजला की त्याचा जो वास सुटतो, त्यासाठी रायगडातला माणूस थंडीभर वाट पाहतो.

शेंगा सोलून आत्याबाईंच्या हातावर ठेवत होते. "या शेताच्या खालच्या तुकड्यातल्या," त्या म्हणाल्या. "वरच्या तुकड्यातल्या इतक्या मऊ होत नाहीत." खरंच खालच्या तुकड्यातल्या होत्या.

२१ फेब्रुवारी

तांबट सुरू झाला. सकाळी नऊपासून टुक्, टुक्, टुक्. लोहाराच्या नव्हे, तांबटाच्याच हातोडीचा आवाज, बारका आणि एका मापाचा. आत्याबाई म्हणाल्या, "आला का कामावर?"

२२ फेब्रुवारी

पहिला डबा भरला.

उभं राहून स्वयंपाक होत नाही अजून. पण बिरडं हे बसून करायचं काम. कडवे वाल परवा रात्री भिजत घातले, काल फडक्यात बांधून ठेवले, आज मोड आले. कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. साल हातात राहतं, डाळिंबी टुणकन पाण्यात पडते. आत्याबाई समोर बसल्या. या कामाला डोळे लागत नाहीत. त्यांची बोटं माझ्याहून भरभर चालत होती.

भात कापला की जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच हे वाल होतात. वरून पाणी नाही, खत नाही. पावसाळ्यात पडलेलं पाणी माघात ताटात येतं. सासरी आले तेव्हा हा कडवटपणा मला सोसत नसे. आता गोडे वाल पांचट लागतात.

ओलं खोबरं, गूळ, कोकम घालून बिरडं झालं. १९८४ चा डबा भरून गेला.

२४ फेब्रुवारी

विहिरीच्या पुढे, बांधापर्यंत. दोनशे दहा पावलं. बांधावर पळस आहे.

परवाच्या मुलीनं डहाळी याच झाडाची नेली असणार, कारण खालची एक फांदी मोडलेली आहे. बाकीचं झाड आता पुरतं पेटलंय. पान एक नाही. फुलाचा आकार पोपटाच्या चोचीसारखा, आणि देठाकडचं पुष्पकोशाचं मखमली बोंडूक जवळजवळ काळं. त्या काळ्यामुळेच केशरी इतकं उठून दिसतं. बांधावर दगडावर बसून दहा मिनिटांत जे आलं ते लिहिलं: बुलबुल, साळुंक्या, एक शिंजीर, दोन कावळे, आणि एक खार जी फूल मोडून दांड्याकडून चोखत होती. सगळ्यांच्या तोंडाला पिवळे पराग. झाडाचंही देणंघेणं चाललेलं.

जपानात क्योटोला चेरीचा बहर कधी आला याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या सापडतात. दरबारी लोकांच्या रोजनिशीत मिळतात म्हणे त्या: आज बहर पाहायला गेलो, आज मेजवानी होती. हजार-बाराशे वर्षांनी हवामानाचे अभ्यासक त्या ओळी वाचून तेव्हाचा वसंत किती उबदार होता याचा अंदाज घेतात. लिहिणाऱ्यांनी तर नुसता आनंद लिहून ठेवला होता.

म्हणून: शिरढोण, खालच्या बांधावरचा पळस, पूर्ण बहर, २४ फेब्रुवारी.

२५ फेब्रुवारी

पाठ दुखतेय. चालले नाही. पडल्या पडल्या कौलांतल्या काचेतून येणारा उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना पाहिला. अकरा वाजता कॅलेंडरवर, बारा वाजता माठावर.

२७ फेब्रुवारी

शेजारची आली होती, 'आईस सप्रेम' डब्याच्या घरची. तीन महिन्यांत सगळ्यात जास्त जेवण तिच्याकडून आलं. तांदळाची भाकरी आणि सुकट आत्याबाईंना तिच्याच हातची लागते. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "तुमचे आभार कसे मानू?"

ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आभार कसलं मानतंस गो? मी काय परकी हाय?"

रागावली होती, खरोखर. मी तिचा हात धरला तेव्हा कुठे बसली.

नंतर विचार करत राहिले. आभार हा आपल्याकडे सभेतला शब्द आहे. शेवटी एकजण उठून आभार मानतो आणि लोक चपला शोधायला लागतात. धन्यवाद पत्रात शोभतो. घरात, आळीत, बांधावर हे शब्द कुणी वापरत नाही. वापरले तर हिशेब मिटवल्यासारखं वाटतं. तिला तेच लागलं. तिला हिशेब मिटवायचा नाहीये. डबा भरून गेला की तिच्याकडून पुन्हा काहीतरी येणार, मग इकडून पुन्हा जाणार. हे कधी संपूच नये, हीच तर त्यातली माया.

पुण्याची भाची मानसशास्त्र शिकते. तिला फोनवर हे सांगितलं तर तिनं एक प्रयोग सांगितला. अमेरिकेतल्या रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला. काही विद्यार्थ्यांना दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटीच्या, काहींना नुसत्या घडलेल्या. दहा आठवडे. पहिल्या गटाला आपलं आयुष्य बरं चाललंय असं इतरांपेक्षा जास्त वाटलं. माझा अनुभव तोच आहे, वहीनं मला रोज उठवलंय. पण लिहून थांबायचं नसतं असं मला वाटतं. वहीत लिहिलेलं आपल्यापाशीच राहतं. डबा उचलून चालत जावं लागतं.

'आईस सप्रेम'मध्ये काय घालावं हे अजून सुचलेलं नाही.

१ मार्च

तीन डबे एका दिवसात गेले. शेवग्याच्या शेंगांची आमटी मोठ्या पातेल्यात केली, ह्यांनी ढवळली.

३ मार्च

दुपारी आडवं पडावं लागतं. अशा वेळी वासुदेव बळवंत मनात येतात, कारण त्यांचा वाडा माझ्या शाळेच्या वाटेवर होता आणि चौथीच्या मुलांना मी तीस वर्षं तोच धडा सांगितला. आजोबा कर्नाळ्याच्या किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला. नातू जन्मला तो पायथ्याच्या या गावात, आणि पुढे पुण्याला इंग्रजांच्याच लष्करी हिशेबखात्यात कारकून झाला. तिथे असताना आई आजारी असल्याचं कळलं. रजा मागितली. रजा वेळेवर मिळाली नाही. शिरढोणला पोचले तेव्हा सरस्वतीबाई गेल्या होत्या. पुढच्या वर्षी श्राद्धालाही रजा नाही.

मुलं पुढच्या भागासाठी अधीर असायची: १८७६-७७ चा दुष्काळ, रामोशी साथीदार, १८७९ चं बंड, पकडणं, सार्वजनिक काकांनी चालवलेला बचाव, एडनचा तुरुंग. मी मात्र दर वर्षी त्या रजेपाशी थोडी जास्त थांबायची. पुण्याहून शिरढोण, नुसता बोरघाट उतरायचा.

एडनला ते तीन वर्षं होते. उघड्या काळ्या दगडाचं बंदर, पाऊस नावाला. १८८३ च्या फेब्रुवारीत त्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून काढलं आणि पळाले. थोड्याच वेळात पकडले गेले. मग अन्न सोडलं, आणि १७ फेब्रुवारीला गेले. सदतीस वर्षं वय.

शेवटी त्यांच्या मनात काय होतं हे सांगायचा अधिकार मला नाही. पण त्या दिवशी इथे काय असतं ते मी आता तारखेनिशी सांगू शकते. शेवग्याला फूल असतं. पळसाच्या कळ्या उमलायला लागलेल्या असतात. वाल निघत असतात. संध्याकाळी किल्ल्यावरच्या सुळक्याची, कर्नाळ्याच्या अंगठ्याची, सावली पूर्वेकडे लांबत असते. ज्या माणसानं दार उचकटलं तो लहानपणी यातूनच धावलेला होता.

मी साठ पावलं चालून विहिरीपाशी गेले आणि परत आले. मला कुणाची रजा लागली नाही. त्या वाड्यातलं पुष्कळ काही आमच्याकडे येऊन राहिलंय, आणि भरून न्यावं असं दार तिथे आता नाही. पुढच्या १७ तारखेला, वर्षभरानं, पळस घेऊन मीही जाणार आहे. हार नको.

५ मार्च

ओटीवरच्या दिव्याच्या वायरीला शिंजीर घरटं बांधतेय. नर चमकदार जांभळा, तो फक्त आसपास किलबिलतो. बांधते ती मादी, मातकट-पिवळी, अंगठ्याएवढी. कोळ्याचं जाळं आणते आणि त्यानं गवताच्या काड्या, सालींचे तुकडे, सुरवंटाची विष्ठासुद्धा चिकटवते. लांबून पाहिलं तर वायरीला कचरा अडकल्यासारखं दिसतं. म्हणूनच टिकतं.

कोपऱ्यातली जळमटं काढायला झाडू घेतला होता. परत ठेवला.

६ मार्च

ओटीवरचा दिवा बंद. ह्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली.

होळीच्या आदल्या दिवशी

पोरं आठवडाभर लाकडं गोळा करतायत. आमच्या पडक्या गोठ्याचा एक वासाही नेला, विचारून. सावर आणली. तिची शेवटची फुलं खाली गळून पडली होती. एकेक फूल तळहाताएवढं, पाकळ्या जाड, ओल्या चामड्यासारख्या. शेजारणीच्या लहान नातीनं सगळी वेचून उंबऱ्यावर मांडली.

होळी

सकाळी सात वाजता शेजारची पोळपाट घेऊन हजर. "तू पुरण वाट, मी लाटतंय." पाठोपाठ पलीकडची आली, मग तिची सून. माझ्या स्वयंपाकघरात चौघी, त्यांतली मी एकटी बसलेली. पुरणयंत्र कुणी लावू दिलं नाही. पाट्यावर वाटलेलंच हवं, तर वाटणार कोण? सुनेनं वाटलं. ती मेकॅनिकल इंजिनिअर आहे, तळोज्याला कारखान्यात जाते, सणाची सुट्टी घेऊन पाट्याशी बसली होती.

चार डबे पुरणपोळ्यांनी भरले. ज्यांचे डबे त्यांच्याच हातांनी लाटलेल्या पोळ्या. मला ओशाळल्यासारखं झालं. शेजारची म्हणाली, "डाळ तुझी, गूळ तुझा, घर तुझं."

रात्री दोन्ही हातांना धरून मला होळीपर्यंत नेलं. चारशे पावलं. यंदाची नवी जोडपी होळीभोवती फिरली. नारळ आगीत पडले, आणि मग दरवर्षीसारखी धिटाई करून पोरांनी काठ्यांनी ते बाहेर ओढले. भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा कुणीतरी माझ्या हातात ठेवला. बाहेरून कोळसा, आतून गोड, धुराचा वास. आत्याबाईंसाठी पदराला बांधून आणला.

धुळवड

रंग कुणी लावला नाही, ऑपरेशन झालंय म्हणून. फक्त शेजारच्या नातीनं पायाच्या अंगठ्याला गुलालाचा ठिपका लावला.

फाल्गुन वद्य, तारीख पाहिली नाही

आत्याबाई म्हणाल्या, "राब भाजायला लागले." वास मला यायच्या आधी त्यांना आला.

भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर, वर मातीचा हात, आणि वारा पडला की वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावायची. म्हणजे ती धावत नाही, हळूहळू खात जाते. तणाचं बी जळतं, राख मातीत मिसळते, जूनमध्ये रोप तरारून येतं. शेतात अजून पाऊस यायला दहा-अकरा आठवडे आहेत आणि पावसाची तयारी आत्ताच सुरू.

धुराचा त्रास होतो, खोकला येतो, आणि झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात हेही खरंच. काही शेतकरी आता गादीवाफ्यावर रोपं करतात. पण आत्याबाईंना या वासानं ऋतू कळतो. डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. आवाजानं सकाळ कळते, वासानं महिना. मोहोर, मग भांबुर्डा, मग होळीचा धूर, मग राब, मग पहिल्या पावसाची माती. त्यांचं पंचांग पूर्ण आहे.

दुपारी त्यांना दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' वाचून दाखवते. १९५६ सालचं पुस्तक, महिन्यामहिन्यानं लिहिलेलं. त्या मध्येच थांबवतात आणि आपलं सांगतात. काल एक पान वाचायला दीड तास लागला.

२३ मार्च

घरट्यात दोन पिल्लं. चोची तेवढ्या दिसतात.

पाडवा

गुढी ह्यांनी उभारली, मी खालून साडीची निरी नीट केली. कडुलिंबाचा मोहोर, गूळ, ओवा, मीठ, हिंग. गोळी करून पहिली आत्याबाईंना. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. "यंदा कोवळा आहे," म्हणाल्या.

कैऱ्या उतरल्या नाहीत, पडल्या. वारा सुटला होता. रायवळाच्या झाडाखाली सडा. आंब्याला मोहोर किती येतो आणि त्यातून फळ किती धरतं याचा विचार केला तर एकेक कैरी हातात घेताना जपावंसं वाटतं. एका तुऱ्यात शेकड्यांनी फुलं. पुष्कळशी नराचीच, ती फळ धरतच नाहीत. उरलेल्यांतली तुडतुड्यांनी, धुक्यानं, वाऱ्यानं जातात. जी राहते तिचा आंबा होतो. यंदा थंडी बरी पडली, धुकं कमी, तुडतुडे बेताचे.

कैऱ्यांत अजून बाठ धरलेली नाही. विळीनं चिरताना कच्च्या दाण्याचा जो भाग पांढरा, ओला निघतो तो लहानपणी आम्ही बोटांनी दाबून उडवायचो, ज्याच्या दिशेला गेला त्याचं लग्न आधी. आज नातीला शिकवलं. तो आत्याबाईंच्या मांडीवर पडला.

चैत्र शुद्ध

आंबेडाळ आणि पन्हं. आणखी एक डबा गेला. उरले दोन: 'आईस सप्रेम' आणि बिननावाचा.

चैत्र, पहाटे

कोकीळ साडेचारला. अंधार आहे. एक सूर, मग त्याहून वरचा, मग त्याहून वरचा, आणि मग गप्प. गेल्या महिन्यात या वेळी मी वेदनेनं जागी असायची. आज त्यानं जागं केलं.

चैत्र, एक रविवार

कर्नाळ्याला गेलो. रिक्षानं दारापर्यंत, पुढे पायी. किल्ल्यावर जाणं या जन्मी आता होईलसं वाटत नाही, पण जंगलात सातशे पावलं चालले, मध्ये तीनदा बसून.

१९६८ साली हे पक्षी अभयारण्य झालं. राज्यातलं पहिलं. दीडशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेलेत. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात असताना ज्या जंगलांवर मेहनत घेतली त्यांत हेही आहे. आमच्या मुलांना सहलीला आणायचे तेव्हा मी त्यांची पुस्तकं सोबत घ्यायची. शेजारून चौपदरी रस्ता गेलाय, ट्रकांचा आवाज आतपर्यंत येतो. थोडं आत गेलं की एका वळणावर तो तुटतो. ते वळण मला नेमकं माहीत आहे. तिथे थांबले.

कोशिंबाला नवी पालवी होती. ती फुलांसारखी लाल असते, तांबडी, चकचकीत, उन्हात पारदर्शक. नवखा माणूस हमखास फसतो, झाड फुललंय म्हणतो. भर उन्हाळा तोंडावर, जमिनीत ओलावा संपत आलेला, आणि झाडं याच वेळी नवी पानं काढतात. पावसाची वाट न पाहता. पल्लवपुच्छ कोतवाल दिसला. शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पानासारखी पिसं. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची नक्कल करत बसला होता. तीन वेगवेगळे पक्षी मी वहीत लिहिले, आणि तिन्ही तोच निघाला.

वर अंगठा. सव्वाशे फुटांचा उभा दगड, त्याच्या कपारीला आग्या मोहोळं. बांधावरच्या पळसावर ज्या माश्या होत्या, त्या तिथल्या असतील का, असा विचार येऊन गेला. आग्या माशी पुष्कळ लांब जाते. शिरढोण तिला जवळच.

नातीनं सुकलेलं कोशिंबाचं लाल पान आत्याबाईंसाठी आणलं. त्यांनी ते गालाला लावून पाहिलं.

चैत्र वद्य

वायरीवरचं घरटं रिकामं. सकाळी दोन्ही पिल्लं दोरीवर होती, दुपारी नव्हती. चिकटपट्टी अजून काढली नाही.

चैत्र वद्य

'आईस सप्रेम'मध्ये काय द्यायचं ते सापडलं. शेजारणीची आई मेथांबा करायची, अशी आठवण आत्याबाईंनी काढली. कैरी, मेथी, गूळ, लाल मिरची, आणि शेवटी थोडी सुंठ. सुंठ ही तिची. शेजारणीला आईनं शिकवलेलं नव्हतं, राहून गेलं म्हणते. आत्याबाईंनी चवीनं सांगितलं, मी केलं, तीनदा. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता झाला."

डबा मी स्वतः चालत नेला. काठी नाही. तिनं झाकण उघडून बोट लावलं आणि चाटलं. काही बोलली नाही. आत जाऊन माझ्यासाठी पाट मांडला.

चैत्र संपत आला

करवंदं घेऊन कातकरी मावशी आली. डोक्यावर पाटी, पानांचे द्रोण. पहाटे कर्नाळ्याच्या बाजूच्या डोंगरात चढायचं, काट्यांतून एकेक काढायचं, ऊन व्हायच्या आत उतरायचं आणि हायवेला गाड्यांसमोर उभं राहायचं. हातांवर ओरखडे, बोटांना चीक. गाडीतले लोक काच खाली करून भाव करतात.

मी चार द्रोण घेतले. तिनं न मागता पाचवा ठेवला. "बरी झालीस ना ताई?" म्हणाली. मी नव्हते त्या दिवसांत एकदा आवळे द्यायला आली होती, तेव्हा कळलं होतं तिला.

"थांब जरा," मी म्हणाले.

पोचा पडलेला डबा काढला. सकाळचा मऊभात होता, त्यावर तूप, शेजारी लिंबाचं लोणचं, वर दोन पुऱ्या. हे म्हणाले, "तो कुणाचा आहे माहीत नाही अजून." आत्याबाई आतून म्हणाल्या, "दे. कुणाचा असेल त्याला पोचेल."

तिनं डबा पाटीत ठेवला, वर पान झाकलं.

वैशाख शुद्ध

ओटी ते हायवे आणि परत. बाराशे पावलं.

उंबऱ्यावर डबा. मी नसताना ठेवून गेली. घासलेला, पोच्याच्या जागी राखेचा पुसटसा माग. झाकण घट्ट लागलं होतं, ह्यांच्याकडून उघडून घेतलं. आत करवंदीच्या पानांवर तोरणं, पांढरी, पिकलेली, काठोकाठ. आत्याबाईंनी एक तोंडात टाकलं आणि बी उजव्या हातात काढून घेतलं. मग डबा हातानं चाचपला, पोच्यावर बोट फिरवलं.

"ठेव मांडणीवर," त्या म्हणाल्या. "उद्या आंबे उतरवायचेत."